अल्युमिनियमच्या सहा कोक्क्या

तिरुवल्लिकेणी, मद्रास
१२ ऑगस्ट १९६४

चि. विद्युलता हिला वेंकोबामामाचे आशीर्वाद, आणि सोबत एक तक्रार.

तक्रार आधी. तुझ्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, पुण्याच्या वर्तमानपत्राचे कात्रण पाठवले. त्यात आमची भाची कुठल्याशा कड्यावर पालीसारखी चिकटलेली! खाली छापले आहे, ‘गिर्यारोहण मंडळाच्या कु. विद्युलता’. मामीने ते कात्रण देवाजवळ ठेवले आणि मग तासभर मलाच बोलली, की हे सगळे तुमच्या घरचे गुण. अगं पोरी, चाळीस वर्षे मी झाडावर चढतो, माझे चित्र कोणी छापले नाही. तू एकदा दगडावर चढलीस तर लगेच छापले. ही कुठली रीत?

आता कामाचे. चित्रात तुझ्या कमरेला ज्या कड्या लटकतात, ज्यांना आम्ही इकडे कोक्की म्हणतो, त्या चांदीसारख्या चकाकतात. तुझी आई लिहिते, त्या अल्युमिनियमच्या आणि अगदी हलक्या. खरे काय? माझ्या कोक्क्या पोलादाच्या. अर्ध्या हार्बरातल्या लिलावात घेतलेल्या, अर्ध्या आमच्या लोहाराने घडवलेल्या. कोक्क्या, जाड खिळ्याने बंद होणारी शॅकल, दोन कप्प्या, सगळे पट्ट्याला लावून तराजूत घातले तर सतरा रत्तल भरते. करवत आणि कोयता वेगळा.

तू दहा वर्षांची असताना पुण्याला गेलीस, मामाचा धंदा विसरली असशील. घरावर आलेले झाड, विजेच्या तारेत शिरलेली फांदी, वाऱ्याने वाकलेला माड, हे आम्ही उतरवतो. पाडत नाही, उतरवतो. पाडणारे मद्रासेत पुष्कळ आहेत. आम्ही फांदी वरच दोराला बांधतो, मग कापतो, आणि बाळ पाळण्यात ठेवावे तशी खाली ठेवतो.

यंदा दसऱ्याला मोठे काम आले आहे. आमच्या गल्लीमागे मुलींची शाळा आहे, तिच्या आवारात एक तूंगुमूंजी आहे. झोपाळू तोंडाचे म्हणून हे नाव, संध्याकाळ झाली की पाने मिटून घेते. त्याची एक फांदी, फांदी कसली, एक झाडच ते, दुसरीच्या वर्गाच्या कौलांवर आडवे गेले आहे आणि बुंध्याशी पोखरले आहे. हेडमिस्ट्रेस कृष्णवेणी अम्माळ म्हणाल्या, "वेंकोबा राव, दसऱ्याच्या सुटीत फांदी उतरलीच पाहिजे, आणि एक कौल फुटता कामा नये." सुटी संपली की इकडचा पाऊस सुरू होतो, आणि त्या फांदीखाली तीस-पस्तीस पोरी बसतात.

तर विचारतो, पोलाद टाकून अल्युमिनियम घ्यावे काय? मजसाठी नव्हे हो! मी सतरा रत्तल म्हणजे पानसुपारी समजतो. आमचा नारायणस्वामी आहे, वेलचेरीचा, माझ्या हाताखालचा पहिला गडी. त्याचे गुडघे आजकाल कुरकुरतात. त्याच्यासाठी विचारतो.

तुझा
वेंकोबामामा

ता. क. उत्तर मराठीत लिही. मागचे पत्र तू इंग्रजीत लिहिलेस. मामीला वाचून दाखवताना मला दोन ठिकाणी पदरची भर घालावी लागली.


पुणे
१९ ऑगस्ट १९६४

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

पालीसारखी? आमच्या मंडळात मला घोरपड म्हणतात, एवढी तरी बढती द्या.

तुम्ही नेमक्या माणसाला विचारलंत. कॉलेजच्या धातूंच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर हेच करते. सळ्या ओढते, ताणते, तोडते. पगार तोडण्याचाच मिळतो. घरी आई म्हणते, एवढं तोडायची हौस होती तर भाजी निवडायला बस.

अल्युमिनियमच्या कडीचं वजन तुमच्या पोलादी कडीच्या जेमतेम तिसरा हिस्सा असतं. ताकदीची काळजी करू नका. अशी एक कडी आम्ही यंत्रात घालून ओढली, दोन टनांच्या पुढे गेल्यावर ती उघडली. नारायणस्वामी कितीही जेवत असले तरी दोन टन भरणार नाहीत. एका परदेशी मोहिमेने परत जाताना सामान विकलं, त्यातल्या सहा कड्या आणि एक कप्पी माझ्या वाट्याला आली होती. त्या उद्याच पार्सलने पाठवते. माझ्याकडून भेट समजा. वापरून बघा आणि आवडल्या तर सगळंच सामान बदलून टाका. पोलादाचा जमाना गेला, मामा!

पण एक कळलं नाही. नारायणस्वामी तर माझ्या आठवणीत अगदी तरुण. मला खांद्यावर घेऊन ते बीचवर पळायचे. चाळिशी तरी गाठली का त्यांनी? गुडघ्यांना काय झालं?

तुमची
विद्युलता


तिरुवल्लिकेणी
४ सप्टेंबर १९६४

चि. विद्युलता हिला आशीर्वाद. तुला कोणीतरी पुरते फसवले आहे.

पार्सल आले. सगळी गल्ली बघायला जमली. कोक्की हातात घेतली तर मजला वाटले, रिकामाच हात उचलला. मामी म्हणाली, "किती गोड, पडद्याला लावू." मीही खूश. पण वेंकोबा आधी ऐकतो, मग विश्वास ठेवतो.

आमची रीत तुला सांगतो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येक कोक्की सुतळीला टांगायची आणि लहान हातोडीने टिचकी मारायची. पोलाद निरोगी असेल तर गाते. ठण्ण् करून आवाज लांबतो. आत कुठे चीर असेल, मग ती डोळ्याला दिसो वा न दिसो, आवाज बसतो. असा बसका आवाज ऐकून मी आजवर अकरा कोक्क्या समुद्रात फेकल्या, आणि आजवर माझा एकही गडी वरून पडला नाही. दुसरा नियम याहून कडक आहे. ज्याच्या कमरेला कोक्की, त्यानेच ती तपासायची. मुदलाळी म्हणजे मालक असो की गडी, दुसऱ्याच्या शब्दावर कोणी वर जायचे नाही.

तर तुझ्या सहा कोक्क्या टांगल्या. पहिलीला टिचकी मारली. थप! दुसरी, थप! सहाच्या सहा थप! अय्यो, मजला घाम फुटला. नारायणस्वामीला बोलावले. तो म्हणाला, "अय्या, ही तर भोपळ्यावर मारल्यासारखी वाजते." सहाही फुटक्या! त्या परदेशी लोकांनी मोडके सामान तुझ्या गळ्यात मारले आणि तू यंत्रात घातलीस ती नेमकी एकच चांगली असणार. तूही त्यावर लटकू नकोस, हे माझ्या गळ्याची शपथ घालून सांगतो.

सगळे परत पाठवत आहे. पार्सलात जागा उरली म्हणून मामीने अप्पळम आणि वडाम, म्हणजे तुमचे पापड-सांडगे, घातले आहेत. ते फुटले नसतील तर कळव.

काळजीत असलेला
वेंकोबामामा


पुणे
११ सप्टेंबर १९६४

प्रिय मामा,

अप्पळम एकही फुटला नाही आणि कडीही एकही फुटकी नाही.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत मोठ्याने वाचलं. आमचे प्राध्यापक इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. मग मात्र ते गंभीर झाले आणि म्हणाले, "तुझ्या मामांना साष्टांग नमस्कार सांग. पोलादासाठी याहून चांगली परीक्षा हातोडीने होत नाही." तेव्हा फुशारून जा, पण पुढचं वाचा. या कड्या बारीक, हलक्या, त्यात त्यांची तोंड उघडणारी झडप सैल. त्यांचा आवाज लांबतच नाही. निरोगी कडीही थपच म्हणते. त्या गात नाहीत, म्हणजे आजारी आहेत असं नव्हे.

मी सहाही कड्या पुन्हा तपासल्या, भिंगाखाली धरल्या. आजचं टपाल निघायच्या आत परत पाठवते आहे. यांना कानाने नाही, डोळ्याने आणि नखाने तपासायचं. भर उजेडात झडपेच्या खिळ्यापासून सुरुवात करायची आणि सगळीकडून नख फिरवायचं. केसाएवढी जरी रेघ लागली तरी बाद. आणि सर्वांत महत्त्वाचं, उंचावरून दगडावर पडलेली कडी पुन्हा कमरेला लावायची नाही. प्रत्येक पडलेली फुटतेच असं नाही, पण कुठली फुटली ते वरून ओळखता येत नाही.

तुम्ही नारायणस्वामींच्या गुडघ्यांचं लिहिलंच नाही. औषध चालू आहे ना?

तुमची घोरपड


तिरुवल्लिकेणी
१५ सप्टेंबर १९६४

चि. विद्युलता हिला त्रिपुरसुंदरी मामीचे आशीर्वाद.

हे बीचवर नारायणस्वामीशी गप्पा मारायला गेले आहेत, तेवढ्यात लिहिते. अक्षर वेडेवाकडे आले तर सांभाळून घे.

बाळा, नारायणस्वामीचे गुडघे घोड्यासारखे आहेत. गुडघा यांचा गेला आहे. जूनमध्ये एका बंगल्यात आंब्यावर चढले आणि आठ फुटांवरून घसरले. मला सांगितले, मुंग्या चावल्या म्हणून उडी मारली. उडी मारलेला माणूस तीन आठवडे लंगडतो काय? मी ओढत डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणाले, एकसष्ट वय आहे, आता झाड पुरे, पुढच्या वेळी गुडघा वरच दगा देईल. हे घरी आले आणि मला शपथ घातली, कोणाला सांगायचे नाही, नारायणस्वामीलासुद्धा नाही.

आणि आता शाळेच्या झाडावर हेच चढणार आहेत. नारायणस्वामी मोठ्या फांदीचे काम करू शकतो, दोन वर्षे झाली यांच्याबरोबर वर राहून तोच करतो, पण हे ऐकत नाहीत. म्हणतात, एवढे मोठे झाड माझ्या हयातीत पुन्हा येणार नाही. जड कोक्क्या उचलवत नाहीत म्हणून तुला पत्र लिहिले. तुझ्या कोक्क्या हलक्या निघाल्या तर हे नक्की जातील. परत पाठवल्या तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. आता तू लिहितेस की त्या चांगल्याच आहेत!

तू शिकलेली आहेस, तुझे ते ऐकतात. लिही की अल्युमिनियम वाईट, त्यावर माणूस लटकवू नये. देव तुला एका खोट्याची माफी देईल. मी लिहिले हे सांगू नकोस.

तुझी मामी


पुणे
२० सप्टेंबर १९६४

प्रिय मामी,

तुमचं पत्र वाचून मी रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले. चिडले स्वतःवर. ‘नारायणस्वामींचे गुडघे’ मी दोनदा विचारले आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मामी, खोटं मी लिहू शकत नाही. रागावू नका. आज मी चांगल्या कडीला वाईट म्हटलं तर उद्या वाईट कडीला वाईट म्हटलेलं ते ऐकणार नाहीत. आणि त्याच कड्यांवर उद्या नारायणस्वामीही लटकणार आहेत. धातूबद्दल जे खरं आहे तेच लिहीन. पण खरं अजून पुरतं लिहिलेलं नाही, माझीच एक मोठी चूक झाली आहे. तीही लिहिते.

तुमची
विद्युलता


पुणे
२२ सप्टेंबर १९६४

प्रिय मामा,

कान पकडून लिहिते आहे. पोलादाचा जमाना गेला असं मी म्हणाले, ते गाढवपणाचं होतं. मी कड्यावर चढणारी, माझ्या दोराला फक्त माणूस लटकतो. तुमच्या दोराला झाडाचं धूड लटकतं. हे माझ्या लक्षातच आलं नाही.

परवा आम्ही एक प्रयोग केला. तुमच्यासारखा मनिला दोर घेतला, तो ओला करून वाळूत लोळवला आणि माझ्या मित्राच्या अल्युमिनियमच्या कडीतून भार लावून ओढत राहिलो. दुपारपर्यंत कडीला बोटाच्या नखाएवढी खाच पडली. तेच पोलादी शॅकलला नुसती चकाकी आली. शिवाय कापलेली फांदी सुटते तेव्हा दोराला जो हिसका बसतो, तो दहा माणसांचा असतो. तिथे पोलादच हवं.

म्हणून वाटणी अशी करा. माणूस ज्यावर लटकतो ते अल्युमिनियम, झाड ज्यावर लटकतं ते पोलाद. पोलाद कमरेला बांधून न्यायचंच नाही. चढणाऱ्याने हलक्या कड्या घेऊन वर जायचं, तिथे नीट बसायचं, आणि मग शॅकल आणि कप्पी दोरीने वर ओढून घ्यायची. दोन्ही धातू एकाच ओल्या गोणपाटात ठेवू नका, तुमच्याकडची खारी हवा अल्युमिनियमला पांढरी बुरशी आणेल.

अजून एक. आमच्या मंडळात सर्वांत अनुभवी माणूस दोर धरून खाली उभा राहतो. वर जायला हौस पुरते, खाली डोकं लागतं. हे मी सहज लिहिते आहे.

तुमची
विद्युलता


तिरुवल्लिकेणी
३० सप्टेंबर १९६४

चि. विद्युलता हिला आशीर्वाद.

"सहज लिहिते आहे" म्हणे! तुझ्या मामीच्या पोटात तीळ भिजत नाही. तुझे पत्र तिला वाचून दाखवत होतो, ‘खाली डोकं लागतं’ इथे आलो आणि ती रडायलाच लागली. मग सगळे बाहेर आले, पत्र, आंबा, मुंग्या, साखर. मी तिच्यावर रागावलो नाही. तुझ्यावर रागावणार होतो, पण तू माझ्याशी खोटे लिहिले नाहीस. ते मजला आवडले.

तर ऐक. होय, गुडघा माझाच. नारायणस्वामीच्या नावावर घातला याची मजला लाज वाटते, त्यालाही काल सांगून टाकले. तो हसला आणि म्हणाला, "अय्या, जूनपासून मला ठाऊक आहे. तुम्ही लंगडता तेव्हा मी मुद्दाम पुढे चालतो."

पण मी चढणार. विजयादशमीला, पंधरा तारखेला. तुजला खरे सांगतो, मजला भीती वाटते, पण पडण्याची नव्हे. एकविसाव्या वर्षी मी रेल्वेची कारकुनी सोडून झाडावर चढलो. आमच्या मराठी घरांत कोणी वकील, कोणी मास्तर, कोणी हेडक्लार्क. लग्नकार्यात विचारायचे, हा कोण? तर तो झाडवाला वेंकोबा. आधी हसायचे, पुढे पुढे मानाने म्हणू लागले. उद्या मी खाली उभा राहिलो तर कोण मी? दोर धरणारा एक म्हातारा. मजला ते जमणार नाही गं.

तुझी वाटणी मान्य. पोलाद दोरीने वर घेईन, कमरेला तुझ्या हलक्या कोक्क्या. आता उगाच रडू नकोस, मामी रडते ती पुरे.

वेंकोबामामा


पुणे
६ ऑक्टोबर १९६४

प्रिय मामा,

चढू नका असं मी लिहिणार नाही. ऐकणारे असतात तर तुम्ही हेडक्लार्क झाला असतात. कॉलेजात परीक्षा चालू आहेत, रजा मिळत नाही, नाहीतर मी येऊन स्वतः दोर धरला असता.

एकच मागते. तुमचा नियम तुम्हीच पाळा. ज्याच्या कमरेला कडी, त्यानेच ती तपासायची, दुसऱ्याच्या शब्दावर नाही, माझ्यासुद्धा नाही. भर उजेडात, डोळ्याने आणि नखाने. सहाही पास झाल्या तर खुशाल चढा. दसऱ्याचा नमस्कार.

विद्युलता


तिरुवल्लिकेणी
१८ ऑक्टोबर १९६४, रविवार

चि. विद्युलता हिला मामाचे पोटभर आशीर्वाद.

फांदी उतरली. कौल एक फुटले, पण ते आमच्यामुळे नव्हे. कृष्णवेणी अम्माळनी पाचोळा झाडायला शिपाई वर चढवला, त्याने फोडले. पैसे द्यायला गेलो तर त्यांनी कानाला हात लावला.

आता क्रमाने सांगतो. चौदा तारखेला आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी हत्यार चालत नाही. सगळी आयुधे धुऊन, चंदन-कुंकू लावून देवापुढे मांडायची आणि दुसऱ्या दिवशी मुदलाळीने स्वतःच्या हाताने एकेक ज्याला त्याला द्यायचे. मी म्हटले, देवापुढे ठेवण्याआधी तपासून घेऊ. अंगणात पाट मांडून बसलो. पोलाद ऐकले, सगळे गायले. मग तुझ्या सहा कोक्क्या घेतल्या. ऊन होते, चष्मा लावला, नख फिरवले. पहिली पास, दुसरी पास, अशा सहाही पास केल्या. चंदनाची वाटी जवळ ओढली.

नारायणस्वामी बाजूला बसला होता. म्हणाला, "अय्या, मलाही शिकू द्या ही नखाची रीत." त्याने पहिली घेतली, दुसरी घेतली. तिसरीवर त्याचे नख थांबले. पुन्हा फिरवले, पुन्हा थांबले. म्हणाला, "अय्या, इथे." झडपेच्या खिळ्याजवळ. मी बघितले, काही दिसेना. माझे नख फिरवले, काही लागेना. दोर धरून धरून माझ्या बोटांचे कातडे असे झाले आहे की विस्तवही उशिरा कळतो. मामीला बोलावले. ती म्हणाली, "अहो, ही काय रेघ! आंधळीलाही दिसेल."

आता तुजला सांगायचे ते सांगतो. गेल्या आठवड्यात मी गुपचूप शाळेच्या आवारात तालीम करायला गेलो होतो, पहिल्या फांदीपर्यंत. तिथून एक कोक्की निसटून फरशीवर पडली. तू लिहिले होतेस, पडलेली वापरू नका. पण आम्ही पोलादवाले. पोलाद पडले तर उचलायचे, टिचकी मारायची, गायले तर खिशात. हिला टिचकी मारली, ती थप म्हणाली, म्हटले ही तर नेहमीच थप म्हणते! आणि पाचांत टाकून दिली. कुठली ते मजलाच कळेना झाले.

मी कोक्की हातात घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. पोलाद मी ऐकू शकतो, पण ते माझ्या गुडघ्याला पेलत नाही. अल्युमिनियम गुडघ्याला पेलेल, पण ते मी तपासू शकत नाही. आणि ज्याला तपासता येत नाही त्याने चढायचे नाही, हा नियम कोणी केला? या गाढवानेच केला. त्या नियमाने आजवर दोन गड्यांना मी घरी पाठवले आहे, म्हातारे झाले म्हणून. त्यांच्यापुढे मी काय तोंड दाखवू? विजयादशमीला सकाळी नारळ फोडला, करवत नारायणस्वामीला दिली, आणि उरलेल्या पाच कोक्क्या त्याच्याच हातात ठेवल्या. त्याने पाचही पुन्हा तपासल्या, माझ्या पाया पडला आणि गेला वर.

मी खाली. बुंध्याला दोराचे तीन वेढे आणि टोक माझ्या हातात. तुझ्या वाटणीप्रमाणे पोलाद मागाहून वर ओढले. पहिला तुकडा सुटला, दोराला हिसका बसला, शॅकल एकदाच ठण्ण् म्हणाले आणि धूड कौलांवरून हातभर उंचीने सरकत खाली आले. तीन दिवसांत सव्वीस तुकडे. कोणता दोर कुरकुरतो, कुठे फांदी मुरडते, वरून हे कधी कळलेच नव्हते मजला. वर माणूस आपल्या करवतीपुरते बघतो. खालून सगळे झाड दिसते.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी नारायणस्वामीचा पाय सालीवरून सटकला. एवढेच, एक पाय. कोक्कीने धरले, तो हसत पुन्हा उभा राहिला. आणि विद्युलता, त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझी नजर त्याच्या पायांवरून हलली नाही. चाळीस वर्षे मी वर होतो, असे कधी झाले नाही. दुपारी मामीने दिलेला दहीभाताचा डबा तसाच राहिला.

तुजला ठाऊक नसेल, लग्न झाल्यापासून मी झाडावर गेलो की तुझी मामी मी परत येईपर्यंत जेवत नाही. मजला वाटायचे, व्रत आहे तिचे. चारचौघांत मोठ्या मानाने सांगायचो, की आमच्या घरी असे असते.

त्या संध्याकाळी घरी आलो. भरलेला डबा तिच्यापुढे ठेवला. तिने उघडून बघितला, मग माझ्या तोंडाकडे बघितले. मी विचारले, "तू जेवलीस?" म्हणाली, "नाही." म्हटले, "अगं, आज तर मी खालीच होतो!"

ती म्हणाली, "नारायणस्वामी होता ना वर."

मग तो डबा आम्ही दोघांनी मिळून खाल्ला. दहीभात दुपारचा, आंबला होता, पण कोणी तक्रार केली नाही.

तुझा
वेंकोबामामा